तेल वाढलं

धाकू, काल महादू तांडेल येऊन गेला. पडवीत पाट मांडला तरी पाटावर बसेना, खाली जमिनीवरच टेकला. तुझ्या सुभद्रेनं गूळपाणी पुढं ठेवलं, त्याला हात लावला नाही. तुझं तेरावं होऊन गेलंय, सगळा मिरकरवाडा भेटून गेलाय. मला वाटलं हाही त्यातलाच, चार शब्द बोलेल आणि उठेल. तर म्हणतो कसा, "बाय, तू शाळंत शिकवतंस. मला एका शब्दाचा अर्थ सांग."

तुला शेवटचं पाहिलं ते ह्या महादूनं. हे मला कालपर्यंत ठाऊक नव्हतं. तो शिडाचा मचवा घेऊन मालवणाकडं चालला होता आणि तू मुंबईकडं. हर्णैच्या खाली, दुपार कलल्यावर, तू त्याला दिसलास. मशीन बंद होती आणि होडी लाटांना आडवी पडून हेलपटत होती. त्यानं तोंडाशी हात धरून हाक मारली, "धाकूऽ, तेल हाय ना रे?" तू उभा राहिलास, हात वर केलास आणि ओरडलास, "वाढलं!" मध्ये वारा होता, पण एवढा शब्द त्याला चोख ऐकू आला. तो हसला, खलाशांना म्हणाला, बघा, ह्याचं तेल वाढलं, आणि मचवा पुढं गेला. सांजावताना वादळ उठलं.

"आता सांग बाय," महादू म्हणाला, "वाढलं म्हणजे काय म्हणालान तो? तेल हाय म्हणालान, का संपलं म्हणालान?"

असा प्रश्न आपल्याच मुलखात पडायचा. आपल्या आईचं तुला आठवत असेल. घरात मीठ संपलं तर संपलं म्हणायचं नाही, मीठ वाढलं म्हणायचं. तांदूळ वाढले, कुंकू वाढलं, दिवा वाढवला. तू एकदा डब्यात हात घालून "पोहे संपले" म्हणालास तर तिनं तोंडावर चापट मारली होती, आणि तू रडत रडत "पोहे वाढले, पोहे वाढले" म्हणत खळ्यात फिरला होतास. दर्यावर तर हे सोवळं घरापेक्षा कडक. होडीत पाण्याचा शेवटचा थेंब गेला तरी तिथं कुणी संपलं म्हणणार नाही. हे मला आणि तुला कुणी शिकवलं नाही, ते अंगातच होतं.

आणि दुसरं तुला आठवत असेल की नाही, मला सांगता येत नाही, कारण तू फार लहान होतास. माझे यजमान बुडाल्याची बातमी आली तेव्हा मीही लहानच. बायका जमल्या आणि कुणीतरी म्हणालं, पोरीच्या बांगड्या वाढवायच्या आहेत. मला वाटलं, आणखी बांगड्या मिळणार. मी दोन्ही हात पुढं केले, खुशीनं केले. तू आईच्या पदरातून डोकं काढून म्हणालास, "आक्काला वाढवताय तर मला पण दोन द्या." सगळ्या बायका एकदम रडायला लागल्या आणि आपल्या दोघांना कळेना काय झालं ते. मग दगड आला. तेव्हापासून मला त्या शब्दाचा तिटकारा आहे, पण तो तोंडात बसलाय तो बसलाच.

हे मी तुला सांगितलं होतं, तू मुंबईहून मशीन घेऊन आलास त्या वर्षी. गोदीतल्या कारखान्यात तू कोपरापर्यंत काळा होऊन ते काम शिकलास, आणि मोडीत निघालेल्या कुठल्याशा लाँचची मशीन आगबोटीवर चढवून घरी आलास. बाबांच्या जुन्या होडीच्या पोटात ती बसवलीस. सुरू करायला थोडं पेट्रोल, ती तापली की मग घासलेट. मिरकरवाड्यात तिला पाण्यातली फटफटी म्हणायला लागले. पहिल्यांदा मोठ्या ऐटीत जयगडला निघालास आणि अर्ध्या वाटेत तेल आटोपलं, तेव्हा वल्ही मारत परत आलास. बंदरावरचे लोक ऐकतात होय? "धाकूशेट, फटफटीला वैरण घालायला विसरलात काय?" तू घरी येऊन जेवलासही नाहीस.

तेव्हापासून तुला एकच ध्यास. तेल तेवढंच, पण होडी लांब गेली पाहिजे. कशासाठी, तर आंब्यासाठी. पालीकडचे गाडीवाले करंड्या आणून बंदरावर टाकायचे. आगबोटीत जागा मिळाली तर ठीक, नाहीतर मचव्यात, आणि मचवा म्हणजे वाऱ्याची मर्जी. मुंबईला पोचेपर्यंत निम्मा आंबा काळा पडायचा. तुझं म्हणणं, आपण थेट जाऊ, कुठं न थांबता. पण मधल्या बंदरांत घासलेट मिळतं ते कंदिलापुरतं, मशीनपुरतं नाही. म्हणजे सगळं तेल इथूनच न्यायचं. "आक्का, डबे भरले तर आंबा कुठं ठेवू, आणि आंबा भरला तर डबे कुठं ठेवू?" म्हणत डोकं धरून बसायचास. मी म्हणायचे, मग आंबा इथंच खा आणि गप बस.

पण तू गप बसणारा नव्हतास. होडी उलटी करून तिचा तळ खरवडलास, शिंपल्यांचा ढीग निघाला. म्हणालास, हे एवढं ओझं मी तेल जाळून मिरवत होतो. मग तळाला माशाचं तेल चोपडलंस आणि घरात चार दिवस जेवण जाईना. टाकीत बुडवायला बांबूची कामटी केलीस, तिच्यावर सुरीनं खुणा पाडल्यास. रोज होडी वेगळ्या चालीनं न्यायचास आणि परत आल्यावर कामटी बुडवून बघायचास. सुभद्रा म्हणायची, वन्सं, हे देवळात जात नाहीत एवढे त्या टाकीकडं जातात.

एक दिवस मला म्हणालास, "चल, तुला दाखवतो." मी दर्यावर पाऊल ठेवलं नव्हतं किती वर्षं, आणि का ते तुला ठाऊक होतं. तरी मी आले. का आले, अजून मला कळत नाही. पहाटेची मतलई सुटली होती, जमिनीवरून समुद्राकडं जाणारा तो गार वारा. तू मला पालथ्या करंडीवर बसवलंस, मशीन भरधाव सोडलीस आणि म्हणालास, मागं बघ. मागं पाण्याचा केवढा डोंगर उठला होता. "हा डोंगर मी तेल जाळून उचलतोय. त्याचा मला काय उपयोग?" मग तू हात हळूहळू सैल केलास. मशीनचा आवाज उतरला आणि डोंगर खाली बसत गेला, शेवटी मागं नुसती एक सुरकुती उरली. "लाट झोपली, आता थांबायचं. होडी थोडी हळू जाते, पण तेल निम्म्याहून कमी जातं. आणि वर हे," म्हणत तू छोटं शीड उभारलंस. मतलई त्यात भरली. मशीन पुटपुटत होती, शीड ओढत होतं, आणि तू टाकीत कामटी बुडवून मला दाखवलीस. खूण जिथल्या तिथं. "बघ आक्का, तेल वाढलं."

मी म्हटलं, तो शब्द नको. तर तू हसलास. म्हणालास, "तुझ्याशी त्या बायका खोटं बोलल्या. मी तो शब्द सरळ करणार. माझ्या होडीत तेल वाढलं म्हणजे खरंच वाढलं." धाकू, माझ्यासाठी कुणी एवढं म्हटलं नव्हतं, आजवर कुणीही नाही. त्या पहाटे मी पाण्यात हात बुडवून बसले होते आणि मला भीती वाटली नाही. ते तू मला दिलंस. ते तुझ्या तोंडावर बोलायचं राहून गेलं, म्हणून आता बोलते.

मग ते तुझं पालुपदच झालं. बंदरावर उतरलास की "तेल वाढलं रे!" लोकही चिडवायला लागले, धाकू, आज किती वाढलं? पोरंसोरंसुद्धा तेच म्हणायला लागली. म्हणून महादू हसला. त्याला तुझा शब्द ऐकू आला, आईचा नाही.

आपलं भांडण मात्र अर्धंच राहिलं. ते आज पुरं करते, तुला उलट बोलता येत नाही तर नाही. मी तुला तेव्हाच विचारलं होतं, तुझ्या गणितात वारा कुठं आहे? तू सगळं मोजलंस ते मतलईवर, पाठराखण करणाऱ्या वाऱ्यावर. दुपारी वायव्येचा वारा छातीवर आला की काय? हळू चालवल्यानं तेल वाचतं खरं, पण समोरून वारा असला की हळू चालणारी होडी जागच्या जागी राहते, आणि तेल तर जळतच असतं. तिथं लाट झोपवून भागत नाही. तू म्हणालास, "दुपार झाली की मी एखाद्या खाडीत शिरेन, वारा पडला की निघेन." मी म्हटलं, आणि तुझा आंबा थांबेल होय खाडीत? त्यावर तू उठून हात धुवायला गेलास. 

दुसरं भांडण सोबतीचं. शेजारचा खंडू यायला तयार होता, त्याला तू नको म्हणालास. "माणूस म्हणजे चार करंड्या, आक्का." असं म्हणाला होतास. माणसाला करंडीत मोजायला तू कुठं शिकलास? मला इतका राग आला की मी तुला वाढायची थांबले, भाताचं पातेलं हातात घेऊन तशीच उभी राहिले. तू खाली मान घालून जेवत होतास. सुभद्रा दाराआडून ऐकत होती, तिनंही काही म्हटलं नाही. तिनं म्हणायला हवं होतं असं मी म्हणत नाही. आपल्या घरात तिचं कोण ऐकतं.

शेवटी मी एकच मागितलं. एक डबा वेगळा काढ. तो मोजायचा नाही, तो नाहीच असं समजायचं. सगळं आटोपलं की मगच त्याला हात लावायचा. तू म्हणालास, "बरं बाई." मी माझ्या जुन्या लुगड्याचं तांबडं सुडकं त्याच्या कडीला बांधलं, म्हणजे चुकून हात जायला नको. निघायच्या आदल्या दिवशी तो डबा मी होडीत पाहिला होता, पुढच्या टोकाला नाळेशी, दोरखंडाच्या मागं. पाहिला आणि मला झोप लागली.

ओहोटीबरोबर, मतलईवर, तू निघालास. मी धक्क्यावर आले होते. तू हात केलास आणि मागं बोट दाखवलंस. मागं लाट नव्हती, नुसती सुरकुती होती. मला तेवढं दाखवून तू वळलास.

तू किनाऱ्याला लागल्याचा निरोप आला आणि तुला आणायला खंडू आणि चौघे गेले. खंडूकडून विचारून विचारून काढावं लागलं. आंबे वाळूत पसरले होते म्हणे, पिकायला लागलेले. तुझे डबे किनाऱ्याला लागले होते, सगळेच्या सगळे रिकामे, आणि प्रत्येकाचं झाकण घट्ट लावलेलं. रिकामे डबेसुद्धा तू टाकले नव्हतेस, होडीला तेवढाच तरंगायचा आधार. खंडू म्हणाला, "बाय, सगळं नीट केलेलं व्हतं त्यानं." मी विचारलं, तांबडं सुडकं बांधलेला एक डबा होता, तो? तो म्हणाला, तसला नव्हता.

मला वाटलं, भरलेला जड डबा कुठंतरी दुसरीकडंच वाहून गेला असेल. मनाला तेवढंच बरं वाटलं, की त्याच्याकडं तेल होतं, वादळच मोठं होतं, त्याला कोण काय करणार. तेराव्याला दारात सावलीसाठी मांडव घालायचा होता. खंडू मागच्या पडवीतून झाप काढायला गेला, होड्या शाकारायला तू विणून ठेवलेले नारळीचे झाप. ते उचलले तर भिंतीशी डबा. भरलेला. कडीला माझं सुडकं. खंडूनं माझ्याकडं पाहिलं आणि झाप पुन्हा त्याच्यावर टाकला.

म्हणजे मी झोपले आणि तू होडीवर गेलास, डबा उतरवलास, लपवलास आणि त्या जागी करंडी ठेवलीस. की दोन? दोन मावल्या असतील. दाटीवाटीनं मावल्या असतील. रागानं मी पदर तोंडात कोंबला होता, आणि लोक समजत होते मी रडतेय. त्याच दिवशी सकाळी सुभद्रेच्या बांगड्या वाढवल्या होत्या. ती माझ्यासारखी लहान नाही, तिला अर्थ ठाऊक होता. तिनं हात पुढं केले नाहीत, धरून पुढं करावे लागले.

तर काल महादू समोर बसून अर्थ विचारत होता आणि मला अर्थ ठाऊक होता. तेल वाढलं होतं ते आईच्या अर्थानं. तुझ्या टाकीत थेंब नव्हता आणि तू उभा राहून, हात वर करून, मदतच मागत होतास. एक शब्द, धाकू. संपलं म्हणाला असतास तर महादूनं मचवा फिरवला असता. तू तो शब्द सरळ करायला निघाला होतास ना? मग जीव जायची वेळ आली तेव्हा आईची चापट कशी आठवली तुला? की तसंही नव्हतं? रात्रभर मी हेही घोळवलं, की कदाचित तुला लाज वाटली. शिडाच्या तांडेलापुढं, ज्यांनी वैरणीवरून चिडवलं त्यांच्यापुढं, तेल संपलं हे कसं सांगायचं. मग दोन्हीकडं लागू होईल असा शब्द फेकलास आणि त्यातून त्याला जे कळायचं ते कळू दे म्हणालास. तू असंही करू शकला असतास. तुला मी लहानाचा मोठा केलाय, आणि तरी मला हे सांगता येत नाही.

महादू म्हातारा झालाय, एवढ्यात फारच झालाय. म्हणाला, "मशीन बंद बघून मी दोर हातात घेतला व्हता, बाय. फेकायलाच उभा व्हतो. त्यानं शब्द टाकलान आणि मी दोर खाली ठेवला." त्याचे हात मांडीवर उताणे पडले होते. दोराचे घट्टे पडलेले हात, नुसते उघडे.

धाकू, मी खोटं बोलले. म्हटलं, "महादू, वाढलं म्हणजे जास्त झालं. तेल होतं त्याच्याकडं. मशीन त्यानं तेल वाचवायलाच बंद केली असेल, तशी सवयच होती त्याला. वादळानं घात केला. तुमच्यावर त्याचा बोल नाही."

तो जमिनीवरून पुढं सरकला. "नक्की, बाय?"

"मी शाळेत शब्दच शिकवते, महादू."

मग त्यानं गूळ तोंडात टाकला आणि तांब्या उचलून सगळं पाणी प्याला. पायरी उतरताना धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले. त्याचा मचवा यंदा लवकर शाकारणार म्हणाला, आणि पुढच्या साली दर्यावर जायचं की नाही ते बघू म्हणाला. त्यानं माझं खरं मानलं की नाही, देव जाणे. तुला राग येत असेल तर येऊ दे. बुडाला तो एकच पुरे, बाकीच्यांना मी त्यात ओढणार नाही.

दिवेलागण झाली. मी पडवीतच बसून होते. आत सुभद्रेनं बाटली हलवल्याचा आवाज आला. ती उंबऱ्याशी आली आणि म्हणाली, "वन्सं, घासलेट वाढलं." म्हणाली आणि पदर तोंडाशी धरून तिथंच थिजली.

मी म्हटलं, "संपलं म्हण, सुभद्रे."

तिनं नकारार्थी मान हलवली. तुझ्या त्या चापटीनंतर ह्या घरातल्या कुणी तो शब्द उच्चारला नव्हता, तिच्या माहेरीही नसेल. मी म्हटलं, म्हण, काही होत नाही, व्हायचं ते झालंय. तेव्हा ती अगदी हळू म्हणाली, "संपलं." आणि मग रडली. तुला आणल्यापासून ती पहिल्यांदा रडली.

मी उठले, मागच्या पडवीत गेले, झाप बाजूला केले आणि तुझा डबा ओढत आणला. सुडक्याची गाठ मीच मारलेली, पण सुटेना, दातांनी सोडवली. झाकण उचकटलं. काठोकाठ भरलेला होता. सुभद्रेनं डोळे पुसून बाटली धरली, मी ओतलं, थोडं हातावर सांडलं. कंदील भरला, लावला, काच बसवली.

सुभद्रेनं डब्यात वाकून पाहिलं. मग तिनं कंदिलाची वात खाली ओढली, आणखी थोडी ओढली, आणि म्हणाली, "अशी बारीक ठेवली तर आपल्या दोघींना पावसाळाभर पुरेल."